एका रोडग्याची पंगत

बोरखडीत माणसाच्या अंगावर मांस चढलं की त्याचं बरं चाललंय असं समजतात, आणि कोणी वाळलं तर त्याची दोनच कारणं धरतात. एक आजार, नाहीतर सून. विमलताई गावंडे वाळल्या तेव्हा गावानं आधी आजाराचा तपास केला. शुगर नाही, बीपी नाही, बाकीही काही नाही असं कळल्यावर गावाची जराशी निराशाच झाली. मग राहिली सून. निशिगंधा तिचं नाव. माहेर उमरखेडचं, लग्नाला तिसरं वर्ष, बोलायला कमी आणि हातात सदा फोन. दोष द्यायला याहून सोयीची मुलगी गावात दुसरी नव्हती.

खरं म्हणजे याची सुरुवात सुनेनं केलीच नव्हती, गुडघ्यानं केली होती. दिवाळी झाली, कापसाची वेचणी ऐन भरात आली आणि विमलताईंना ओसरीच्या दोन पायऱ्या चढताना सगळे देव आठवायला लागले. मुलगा अमर त्यांना यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, मग तो खाली ठेवून विमलताईंकडेच पाहिलं, चांगलं पायापासून डोक्यापर्यंत, आणि म्हणाले, "मावशी, गुडघा बिचारा अजून टिकून आहे. त्याच्यावरचं ओझं तेवढं कमी करा." परक्या माणसानं चारचौघांत असं बोलावं याचा विमलताईंना फार अपमान वाटला. त्या दुःखात त्यांनी येताना आर्णीच्या स्टँडवर आलूबोंड्याच्या दोन प्लेटी खाल्ल्या.

वजन करायला मात्र कुठं जायची गरज नव्हती. ओसरीत कापसाचा काटा ठेवलेलाच होता. रोज संध्याकाळी वेचणाऱ्या बाया गाठोडी आणून त्यावर टाकायच्या आणि विमलताई खुर्चीत बसून गाठोड्यात हात घालून पाहायच्या, कापूस ओला करून आणला का, खाली ढेकूळ दडवलं का. सारा जन्म त्यांनी दुसऱ्याचं वजन केलं. आता बाया घरी गेल्या की निशिगंधा म्हणायची, "आई, या आता तुमी." विमलताई आधी बांगड्या काढायच्या, मग जोडवी काढायचा विचार करायच्या, मग काट्यावर चढून सहज केल्यासारखा ओसरीच्या खांबाला हात लावायच्या.

"आई, खांब सोडा."

"धरला कोनं? टेकली फक्त."

गाठोड्यातली लबाडी ज्यांना लांबून कळायची, त्यांना स्वतःची काही कळेना.

पहिले काही दिवस निशिगंधानं फोनवर पाहून सकाळी ओट शिजवले. विमलताईंनी ते दोन घास खाल्ले आणि उरलेलं मागच्या दारानं म्हशीला घातलं. म्हशीला ते चांगलं मानवलं. मग विमलताईंनी स्वतःच्या अकलेनं उपवास धरले. सोमवार धरला, गुरुवार धरला, चतुर्थी तर होतीच. खिचडी, शिंगाड्याचा शिरा, वर शेंगदाण्याचा लाडू. उपवासाचं अंगी लागत नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. काट्याची समजूत वेगळी निघाली आणि काटाच बिघडला आहे असं त्यांनी जाहीर केलं. अमर घाबरला, कारण त्या काट्यावर सगळ्या बायांचा हिशेब चालला होता.

एका दुपारी निशिगंधा स्वयंपाकघराच्या दाराशी गुपचूप उभी राहिली. आत विमलताई एकट्याच होत्या. त्यांनी शेंगदाण्याचा डबा उघडून मूठभर तोंडात टाकले. भाजीचा रस्सा तळहातावर घेऊन चाखला, मीठ कळलं नाही म्हणून परत चाखला. पातेल्याच्या बुडाची खरवड काढली. जाता जाता गुळाचा खडा घेतला. आणि रात्री जेवताना ताटात एकच भाकर वाढून घेऊन नवऱ्याला, म्हणजे नानाजींना, म्हणाल्या, "पाहा, चिमणीएवढं खाते मी. तरी वजन हटत नाही. नशिबाचं काय करता?"

"ताटातलं चिमणीएवढंच असते आई," निशिगंधा म्हणाली. "पन दिवसभर उभ्यानं खाता ते?"

"उभ्यानं खाल्लेलं कायचं खानं? ते तं चव पाहनं झालं."

नानाजींनी मान डोलावली. गावातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी तिनं हेच सांगितलं असतं. जेवण म्हणजे ताट वाढून घेतलेलं. बाकीचं तोंडात पडतं, पोटात जात नाही.

निशिगंधानं वाद घातला नाही. ती म्हणाली, "मंग असं करू. ओट बंद, उपास बंद. तुमाले जे आवडते ते खा. झुनका खा, ठेचा खा, गूळ खा. पन ताटात घेऊन अन् बसून. शेंगदाना एक असला तरी बसून."

विमलताईंना हसू आलं. एवढंच ना. "खुर्चीवर बसलं तरी चालन," असंही निशिगंधा म्हणाली होती, पण विमलताईंना ते झोंबलं. "खुर्चीवर बसून जेवाले मी काय पाहुनी आहे? पाटावरच बसन," त्या म्हणाल्या आणि आपल्या पायानं जाळ्यात शिरल्या.

कारण त्या गुडघ्यानिशी पाटावर बसणं म्हणजे एक कार्यक्रम होता. आधी भिंत धरायची, मग एक पाय लांब करायचा, मग देवाचं नाव घेऊन स्वतःला सोडून द्यायचं. उठणं तर त्याहून अवघड. विमलताई शेंगदाण्याच्या डब्यासमोर उभ्या राहायच्या, पाटाकडे पाहायच्या आणि डबा बंद करायच्या. मूठभर दाण्यांसाठी एवढा खटाटोप कोण करणार? गुळाचा खडाही त्या लायकीचा नव्हता. खरवड तर नव्हतीच.

पण ज्यासाठी बसायचं ते मग चांगलंच पाहिजे, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. 'खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी' हा त्यांचा मूळ स्वभावच होता, त्याला आता काम मिळालं. तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, निघाले होते, त्यांची वाटून केलेली आमटी, ज्वारीची भाकर, वर मिरचीचा ठेचा. त्या पाटावर बसायच्या आणि निशिगंधा तव्यावरची फुगलेली भाकर सरळ ताटात टाकायची. पहिल्या दिवशी त्या भाकरीची वाफ बोटांना लागली तेव्हा विमलताई चमकल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी हजारो भाकरी थापल्या, पण गरम भाकर त्यांनी दुसऱ्याच्या ताटातच पाहिली होती. त्यांच्या वाट्याला यायची ती शेवटची, गार, आणि तीसुद्धा चुलीशी उभ्यानं, भाजीच्या गंजात, म्हणजे पातेल्यातच बुडवून. आपल्याला ज्वारीची भाकर एवढी आवडते हे त्यांना या वयात कळलं. त्यांना त्या दिवशी सुनेबद्दल फार माया वाटली आणि ती लपवायला त्या म्हणाल्या, "भाकर जराशी करपली वो."

माघ लागेपर्यंत विमलताईंच्या पोलक्यांना शिवण घालावी लागली. पायऱ्या चढताना आता एकाच देवाचं नाव पुरायचं. काट्यावर उभ्या राहताना खांबाची आठवण होईना. ताटातलं उरायचं ते नानाजींच्या पोटात जाऊ लागलं आणि घराचं एकूण वजन तेवढंच राहिलं. सगळं सुखाचं होतं, तोच गावाची नजर पडली.

पहिल्यांदा आल्या पंचफुलाबाई. घर शेजारचं, वय बरोबरीचं, आणि दुसऱ्याच्या दुःखाला धावून जाण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुःख नसलं तर त्या येताना घेऊन यायच्या. पदराआड डिंकाच्या लाडवांचा डबा होता.

"माय वो विमल, काय दशा झाली तुही. गालं बसली नं पार."

आता विमलताईंनी सरळ सांगायचं होतं, की बाई, मला काही झालं नाही, मी मजेत जेवते. पण डब्याचं झाकण उघडलं होतं. तुपाचा वास येत होता. आणि कोणी आपली अशी कीव करावी हे सुख विमलताईंना फार वर्षांत मिळालं नव्हतं. त्यांनी एक लांब सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "काय सांगू बाई. आपल्या हातात काय राह्यलं आता?"

बस. एवढंच. पुढचं सगळं पंचफुलाबाईंनी मनातल्या मनात पूर्ण केलं आणि जाता जाता अर्ध्या गावाला सांगितलं. लाडू विमलताईंनी दाराआड खाल्ला, उभ्यानं, निशिगंधा यायच्या आत. दुसऱ्या दिवशी आणखी कोणी अनारसे घेऊन विमलताईंना पाहायला आलं, मग कोणी शेव आणली. विमलताई प्रत्येकीला तो सुस्कारा ऐकवायच्या. तो आता चांगला सरावाचा झाला होता. डबे तुरीच्या कोठीमागं जाऊ लागले. काटा आधी थांबला आणि मग हळूच उलटा फिरला. निशिगंधानं आकडा पाहिला, सासूकडे पाहिलं आणि काटा पुसून ठेवला.

महिला बचत गटाच्या बैठकीत मात्र तिला ऐकावं लागलं. पंचफुलाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "फोन पाहून पाहून सासूले वाळवलं पोरीनं. माहेरी काय शिकवलं कोन जाने." निशिगंधा घरी आली, स्वयंपाक केला, नानाजींना वाढलं, अमरला वाढलं. मग पाट मांडला, सासूचं ताट वाढलं आणि ताटात दोन भाकरी जास्त ठेवल्या.

"आई, उद्यापासून काटा नाही अन् पाटही नाही. तुमी पहिल्यासारखं खा."

"काहून वो? काय झालं?"

"लोकं मले म्हनतात ते चालते. पन कोनंतरी उमरखेडले फोन केला. तुमची पोरगी सासूले उपाशी मारते म्हनून. माही आई सकाळपासून रडून राह्यली. मले म्हनते, हेच शिकवलं का मी तुले?" एवढं सांगताना तिचा आवाज नीट होता, पण ती विमलताईंकडे पाहत नव्हती.

विमलताईंचा घास हातात राहिला. लाडवासाठी सोडलेला सुस्कारा उमरखेडपर्यंत जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. स्वतःची त्यांना इतकी लाज वाटली की गुडघा दुखायचं विसरला. त्या रात्री त्या ताटावरून न बोलता उठल्या, आणि निशिगंधाला वाटलं, सासूबाई आपल्यावरच रागावल्या.

आता चार दिवसांवर रोडगे आले होते. पिकं घरात आली की बोरखडीत शिवारातल्या महादेवापाशी सारं गाव रोडगे करतं. कणकेचे घड्या घातलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. कोण किती रोडगे खातो यावर पुढं वर्षभर बोलणं चालतं. विमलताईंचा लौकिक चार रोडग्यांचा होता.

नानाजींनी दोन दिवस विचार करून उपाय काढला. आयुष्यात त्यांचे सगळे उपाय पोटापासून सुरू व्हायचे. "हे पाह," ते म्हणाले, "सारं गाव पाहत राहीन. तू चार रोडगे दाबून खा. पाचवा माग. लोकायची तोंडं बंद. सून बी सुटली, तू बी सुटली."

"अन् गुडघा?"

"गुडघ्याचं मंग पाहू."

सल्ला म्हटला तर बरोबर होता आणि तिथंच विमलताईंची पंचाईत होती. चार खावे तर निशिगंधावरचा आळ निघतो, पण मग गावाच्या लेखी तेच जेवण खरं ठरतं, आणि पुढं प्रत्येक पंगतीत चार खावे लागतात. पायऱ्या चढताना सगळे देव परत. गरम भाकरीचा पाट गेला तो गेलाच. आणि एकच खावा तर पंचफुलाबाई शेजारी कोपर मारून म्हणणार, पाहिलं का, सुनेच्या धाकानं घास उतरत नाही. निशिगंधाला वाढायलाच लावलं होतं, म्हणजे ती समोर उभी असणार.

महादेवापाशी बायांची पंगत आधी बसली. आंब्याच्या झाडाखाली चटया, पत्रावळी, पुरुषांनी रांधलेल्या भाजीचे मोठे गंज. विमलताई मांडी घालून बसल्या, कोणाचा हात न धरता. ते पाहायला मात्र कोणाला वेळ नव्हता, सगळ्यांच्या नजरा त्यांच्या पत्रावळीवर होत्या. पंचफुलाबाईंनी मुद्दाम शेजारची जागा धरली होती. पहिला रोडगा पडला. निशिगंधा तुपाचं भांडं घेऊन ओळीतून येत होती. विमलताईंपाशी आली तेव्हा वाकून हळूच म्हणाली, "आई, खा पोटभर. माह्याकडं नका पाहू."

विमलताईंनी रोडगा फोडला. आतल्या पापुद्र्यांतून वाफ निघाली. "तूप घाल," त्या मोठ्यानं म्हणाल्या. निशिगंधानं जपून धार धरली. "अजून," विमलताई म्हणाल्या. "हात काहून आखडते वो? अजून घाल." ओळीतल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग त्यांनी रोडगा चुरला, वरणात कालवला आणि पहिला घास घेतला. डोळे मिटले. वांग्याचं देठ चोखलं. पुढचा घास घ्यायची त्यांना काही घाई नव्हती.

दुसरा रोडगा आला तेव्हा त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. पंचफुलाबाईंचं कोपर हललं. तिसऱ्या वेळी वाढणारा आला, त्यांनी हात तसाच धरला. बाकीच्यांचे दोन झाले, तीन झाले, हात वाळले. विमलताई पहिल्याचाच चुरा बोटांनी गोळा करत होत्या, भाजीचा रस्सा लावत होत्या आणि घास चावत आंब्याच्या मोहराकडे पाहत होत्या. आणि पंगतीचा नियम असा, की शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही. सारी ओळ खरकटे हात धरून बसली. तिकडं पुरुषांची पंगत पोटात कावळे घेऊन उभी होती. नानाजी सगळ्यांत पुढं होते आणि त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

"आवर ना वो बाई," पंचफुलाबाईंनी शेवटी म्हटलंच. "एका रोडग्याले किती येळ? का घास उतरत नाही कोनाच्या धाकानं?"

विमलताईंनी तोंडातला घास आधी संपवला. "पंचफुला, उपाशी मानूस कसं खाते पाह्यलं का तू कधी? गपागपा खाते. मी कशी खाऊन राह्यली ते सारं गाव तासभर पाहून राह्यलं."

पंचफुलाबाईंनी कोपर मागं घेतलं.

"तुह्यापाशी मी हातात काय राह्यलं म्हटलं ते तुह्या लाडवासाठी म्हटलं. लाडू चांगला होता, पन बोलनं खोटं होतं. सारा जलम मी चुलीपाशी उभ्यानं खाल्लं, गार खाल्लं, दुसऱ्याचं उरलेलं खाल्लं, अन् त्यानंच जाड झाली. ह्या पोरीनं मले पाटावर बसवलं. तव्यावरची भाकर माह्या ताटात टाकली. माह्या मायनंबी कधी टाकली नाही, तिले जमलंच नसन." विमलताई सुनेकडे वळल्या. "निशा, फोन लाव उमरखेडले. तुह्या आईले."

निशिगंधा घाबरली, पण तिनं लावला. विमलताईंचा हात खरकटा होता म्हणून तिनंच स्पीकर सुरू करून फोन त्यांच्या तोंडापाशी धरला.

"विहीनबाई, मी विमल बोलून राह्यली. तुमाले फोन करनारीनं खोटं सांगतलं, अन् चूक माही आहे, मीच तसं बोलली. तुमची पोरगी मले उपाशी नाही मारत. समोर बसवून गरम जेवू घालते. हेच शिकवलं का म्हनून रडल्या ना तुमी? हेच शिकवलं असन तं लय चांगलं शिकवलं." त्या जरा थांबल्या. "तुमी जेवल्या का?"

"जेवूनच राह्यली," तिकडून निशिगंधाच्या आईचा बारीक आवाज आला.

"बसून का उभ्यानं?"

पंगतीतल्या सगळ्या बायांनी, पंचफुलाबाईंनीसुद्धा, मान पुढं केली होती.

"उभ्यानंच," तिकडून आवाज आला. मग भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "थांबा विहीनबाई. बसते."

निशिगंधानं फोन तसाच धरून ठेवला. पुरुषांच्या पंगतीला त्या दिवशी आणखी बराच वेळ उभं राहावं लागलं.